म्हसवडचं घोंगडं

बोरीवलीच्या नॅन्सी कॉलनीतून रात्रीची सातारा एसटी धरली आणि सकाळी साताऱ्याहून पुढची गाडी. कोरेगाव, पुसेगाव मागे पडलं तसा शेतांतला दाट हिरवा रंग विरत गेला. दहिवडी, गोंदवले ओलांडून माणगंगेकाठच्या म्हसवडला उतरले. आधी सिद्धनाथाचं दर्शन घेतलं आणि घोंगडी विणणाऱ्या सणगरांची गल्ली विचारत निघाले.

आमच्याकडे बोरीवलीला वर्षाला २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पावसाळ्यात सह्याद्रीत भटकताना आम्ही घरची सगळी प्लॅस्टिकच्या जॅकेटात बाहेरून कोरडी आणि आतून घामानं चिंब असतो. उघड्यावर संसार करणारे धनगर मात्र पिढ्यान्‌पिढ्या एका घोंगड्यावर निभावतात. ते घोंगडं बनतं कसं, हे मला बघायचं होतं.

गल्लीतले एक सणगर मामा खड्ड्यात पाय सोडून मागावर बसले होते. शेजारी भगुण्यात खळ निवत होती. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून ती करतात आणि ताण्याच्या सुतावर कुंच्यानं फासतात. लोकरीचं सूत तसं भुसभुशीत. खळ पाजली की ताठ होतं, मागाचा ओढा सोसतं. नवं घोंगडं खरखरीत लागतं ते त्यामुळंही. सूत काततात धनगरांच्या बाया. रंग कसलाच नाही, मेंढी काळी म्हणून घोंगडं काळं. मी हाती घेतलेलं दोन किलोंच्या वर भरलं. दख्खनी मेंढीची वर्षाची लोकर साधारण अर्धा किलो, म्हणजे चार-पाच मेंढ्यांचं वर्ष माझ्या हातांवर होतं.

"भिजलं तरी ऊब सोडत न्हाई," मामा म्हणाले. त्यात अतिशयोक्ती नाही. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओल पोटात घेते, तरी अंगाला ओली लागत नाही. चुलीची ठिणगी पडली तर तेवढंच काळं पडतं. पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं.

गावाबाहेर धनगरांचा एक वाडा उतरला होता. तिथल्या आजींनी घोंगड्याच्या एका टोकाचे कोपरे मुडपले, टोपडं केलं आणि माझ्या डोक्यावर चढवलं. ही खोळ. डोक्यापासून पोटऱ्यांपर्यंत माणूस झाकला जातो, हात मोकळे राहतात. खोळ उलगडली की तेच अंथरूण, तेच पांघरूण. पलीकडे तान्हं लेकरू झोळीत निजलं होतं, तेही घोंगड्यातच. घरातल्या प्रत्येकासाठी एकच वस्त्र आणि त्याला ना बटण, ना शिवण! याहून शहाणं कापड मी पाहिलेलं नाही.

लोकरीचं विचारलं तेव्हा आजींचा आवाज चढला. कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा लोकरीतून निघत नाही. पुष्कळ जण ती माळावर टाकून देतात. कळपात मटणासाठी माडग्याळ मेंढ्या वाढताहेत. त्यांच्या अंगावर लोकर अशी नाहीच. ट्रेकच्या दुकानांत आम्ही परदेशी मेरिनोला हजारो रुपये मोजतो आणि चांगली राकट लोकर इथं मातीत जाते, याचा मला संताप आला. मेरिनो मऊ आहे, अंगालगत घालायला उत्तमच. पण काटेरी वाटेवर, कातळावर टिकायचं तर ही हवी.

मामांकडे परत जाऊन आमच्यासाठी दोन घोंगडी घेतली. मुलीसाठी आखूड विणायला सांगितलं. तिची उंची विचारून त्यांनी ती हातानं मोजली आणि म्हणाले, "वीतभर जास्त घालतो ताई, पोरगी वाढंल."