अ‍ॅपलेशियन डोंगरातील डल्सिमर

अमेरिकेतील केंटकी संस्थानाच्या पूर्वभागी, अ‍ॅपलेशियन डोंगरांच्या कुशीत हिंडमन नावाचे एक चिमुकले गाव आहे. दोहों बाजूंस उभे डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या खोऱ्यात ओढा, रस्ता व घरे, अशी तेथील वस्ती. ओढ्याचे नाव ट्रबलसम, म्हणजे त्रासदायक! मांडीवर आडवे ठेवून वाजवावयाचे डल्सिमर हे तंतुवाद्य ज्या गावांनी जतन केले, त्यांत हिंडमनचे स्थान मोठे आहे. एड थॉमस नावाचा कारागीर १८७१ पासून या परिसरात ती वाद्ये घडवी. पुढे जेथ्रो अ‍ॅम्बर्गी यांनी त्याची विद्या उचलली आणि १९०२ साली स्थापन झालेल्या तेथील शाळेत मुलांस सुतारकाम शिकविले.

नवशिक्यास हे वाद्य फार लवकर आपलेसे करते. डाव्या हातातील काडी पहिल्या तारेवर सरकवावयाची व उजव्या हातातील पिसाने सर्व तारा छेडावयाच्या, की झाले! बाकीच्या तारा तंबोऱ्याप्रमाणे षड्ज-पंचम धरून राहतात. पडदे सप्तकातील सात शुद्ध स्वरांपुरतेच असल्यामुळे हात चुकला तरी सूर फारसा बिघडत नाही. खरी कसोटी पुढेच आहे. पहिली तार मंद्र षड्जाच्या पंचमाशी जुळवून तिसऱ्या पडद्यास षड्ज मानला, तर बिलावल थाट मिळतो. तीच तार वरच्या षड्जास चढविली, की मोकळ्या तारेपासून खमाज उमटतो. आपल्याकडील मूर्च्छनेची कल्पना ज्यांस ठाऊक आहे, त्यांस यात परकेपणा वाटणार नाही.

शेजारच्या परगण्यातील व्हायपर गावची जीन रिची (१९२२–२०१५) ही चौदा भावंडांत धाकटी. वडिलांनी मुलांस डल्सिमरला हात लावण्याची बंदी केली होती. पण ही पोर लपूनछपून वाजवी. पुढे न्यूयॉर्क शहरी जाऊन तिने या वाद्याचा नाद दूरवर पोहोचविला आणि १९६३ साली शिकणाऱ्यांकरिता पुस्तकही लिहिले.

जुलै २०२२ मध्ये ओढ्याने आपले नाव सार्थ केले. पुराचे पाणी शाळेच्या दप्तरखान्यात व वाद्यांच्या कारखान्यात शिरले. जुने कागद, छायाचित्रे चिखलाने भरली. भिजलेले कागद वाळविता येतात, लाकूड पुन्हा तासता येते. परंतु घरातील मुलाने वाद्य मांडीवर घेतलेच नाही, तर त्या नुकसानीस उपाय नाही. वडीलधाऱ्यांनी आपापल्या घरच्या तंबोऱ्यावरील गवसणीकडे एकवार पाहावे, एवढीच विनंती.