शंभर माणसे, शंभर फोटो

लोड टेस्ट म्हणजे संगणकाने शेकडो वापरकर्त्यांचे सोंग घेऊन सर्व्हरवर एकदम धडकायचे, एवढे मला समजले होते. अडले ते फाइलपाशी.

निमित्त आमच्या देवगडचेच. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी देवगडच्या नावाने बाहेरचा आंबा बाजारात खपतोच. म्हणून देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने 2025 च्या हंगामापासून फळावर स्वतंत्र क्रमांकाचा स्टिकर आणला. गिऱ्हाइकाने त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून खातरजमा करायची. ऐन हंगामात असे फोटो एकदम येऊ लागले, तर सर्व्हर किती तग धरेल? दुसऱ्याच्या चालू व्यवस्थेवर परवानगीशिवाय असा मारा करणे गैरच. मावसभावाने, म्हणजे दादाने, सरावासाठी मुंबईतल्या भाड्याच्या सर्व्हरवर तशी छोटी नक्कल उभी केली आणि जेमीटर हे लोड टेस्टचे साधन माझ्या हाती दिले.

जेमीटरमध्ये फाइल पाठवायला तीन रकाने: फाइलचा पत्ता, पॅरामीटरचे नाव, फाइलचा प्रकार. पत्ता एकच, मग शंभर वापरकर्ते शंभर वेगळे फोटो आणणार कुठून? बाबा बागायतदार, त्यांना सांगितले तर म्हणाले, "एकच फोटो शंभर जणांनी धाडल्यानी तर तू तेच्यात तपासतलंस काय गे?" अगदी नेमके! सर्व्हर हॅशवरून, म्हणजे फाइलच्या मजकुरातून काढलेल्या ठशावरून, आधीची फाइल ओळखत असेल, तर पुढच्या फोटोंवर तो कष्टच घेणार नाही आणि आकडे फसवे निघतील.

"फोटो आधी जमवू नकोस, चाचणी चालू असतानाच बनव," दादा म्हणाला. हे काही केल्या डोक्यात शिरेना. पाठवायच्या क्षणी फाइल बनवणार कोण? ते काम प्रीप्रोसेसरचे. तो विनंतीच्या आत ठेवला की दरवेळी आधी तो चालतो, मग विनंती जाते. त्यात ग्रूव्ही भाषेतली छोटी स्क्रिप्ट: चौकोन रंगवायचा, त्यावर नवा क्रमांक उमटवायचा, जेपीजी करून तात्पुरत्या फोल्डरात ठेवायचा आणि फाइलचा पत्ता व्हेरिएबलमध्ये घालायचा. पत्त्याच्या रकान्यात मग ते व्हेरिएबल. एका थ्रेडचे, म्हणजे एका सोंगातल्या वापरकर्त्याचे, व्हेरिएबल दुसऱ्याला दिसत नाही, हे कळले तेव्हा कोडे सुटले. फोल्डर मात्र सगळ्यांचे एकच, त्यामुळे फाइलच्या नावातही यूयूआयडी, म्हणजे दरवेळी वेगळी अशी ओळखखूण, हवा.

एकरंगी चौकोन काही किलोबाइटांत आटोपतो, फोनवरचा फोटो दोन-चार मेगाबाइटचा असतो. म्हणून पिवळ्या चौकोनावर वाटेल तसे ठिपके उधळले. त्यांनी जेपीजी हवी तेवढी फुगते.

पुढचा गोंधळ आमच्या घरच्या इंटरनेटचा. 2 मेगाबाइटचे 100 फोटो म्हणजे 1,600 मेगाबिट. अपलोडचा वेग सेकंदाला 20 मेगाबिट असेल, तर नुसते पोहोचायलाच 80 सेकंद. मग मी मोजणार काय, सर्व्हर की आमच्या घरची जोडणी? दादाने जेमीटरसाठी मुंबईतच वेगळे यंत्र घेतले. तिथे ते खिडकीशिवाय, नुसत्या आज्ञेवर चालते. फोटो बनवण्याचा वेळ विनंतीच्या वेळेत धरला जात नाही, पण यंत्राचा प्रोसेसर तेच काम खातो, म्हणून त्याच्यावरही नजर ठेवावी लागते.

विनंती आटोपली की पोस्टप्रोसेसर ती फाइल पुसतो, नाहीतर डिस्क भरेल. आता मला मुद्दाम अस्पष्ट फोटो बनवायचे आहेत; कारण बाजारात, गर्दीत, हलत्या हाताने काढलेले फोटोही येणारच.