आधी हाडं दिसली

बमरोलीत आम्हाला जाग येते ती यंत्रमागांच्या खटखटीने आणि दोंडाईच्याजवळच्या गावी नानांच्या एचएफ गाईच्या हंबरण्याने. दिवाळीत उधन्याहून गाडीने गावी गेलो, तर ती गप्प उभी. मागचा डावा पाय टेकवेना. जूनमध्ये व्याली तेव्हा भरपूर दूध देणारी गाय, आता बरगड्या मोजाव्यात अशी.

"पाय दुखस म्हनीसन वाळनी ती," नाना म्हणाले. व्यापारी भाव करूनही गेला होता.

मला ते पटलंही असतं. पण चुलतभाऊ घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गोठ्याचे फोटो टाकत असतो. आमच्या धंद्यात काही बिघडलं की आधी लॉग पाहायचा, काय कधी झालं ते. मी फोटो तारखेप्रमाणे लावले. जुलैअखेरच्या फोटोतच कंबरेची हाडं वर आलेली. पोळ्यालाही ती चारही पायांवर नीट उभी. लंगडणं त्यानंतरचं.

मग वाचत बसलो. गाईच्या खुरात हाडाखाली चरबीची गादी असते, अंगाचा भार ती झेलते. व्याल्यावर खाणं दुधाला पुरत नाही, गाय अंगची चरबी मोडते. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी ५०१ गाईंच्या खुरातली ही गादी अल्ट्रासाउंडने मोजली आणि २००९ मध्ये मांडलं: गाय जितकी रोड, गादी तितकी पातळ, सर्वांत पातळ व्याल्यानंतर चारेक महिन्यांनी. अर्थात दुखऱ्या पायाची गाय गव्हाणीशी कमी उभी राहते, आणखी वाळते. नाना अगदीच चुकले नव्हते.

फोटो दाखवले. नाना बराच वेळ बोलले नाहीत. सरकी ढेप महागली म्हणून जुलैत त्यांनीच ती निम्मी केली होती. उगाच दाखवले, असं मला वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी गुरांचे डॉक्टर आले. खुराच्या बाहेरच्या भागाला तळाशी जखम होती. त्यांनी सुटलेलं खूर तासलं, आतल्या चांगल्या भागाखाली लाकडी ठोकळा चिकटवला, म्हणजे भार त्यावर जाईल. कोब्यावरून काढून मातीवर बांधा, म्हणाले. पाय लवकर बरा होईल, अंग भरायला वेळ लागेल.

व्यापाऱ्याचा फोन दोनदा वाजला. नानांनी उचलला नाही.

आता चुलतभाऊ दर रविवारी गाईचा मागून फोटो पाठवतो, कंबरेची हाडं दिसतील असा. मागच्या रविवारी शेजारी ढेपेचं पोतंही होतं, नीट दिसेल असं उभं करून ठेवलेलं.