रेघेची जाडी

पाटबंधारे खात्यात मी ड्राफ्ट्समन होतो. कालव्यांचे छेद, धरणाच्या वक्री दरवाजांचे तपशील, सांडव्याचे नकाशे असं सगळं ट्रेसिंग पेपरवर शाईनं काढायचं. ऑटोकॅड येण्याआधीची ती वर्षं रोट्रिंग पेनांची होती. 0.2, 0.3, 0.5 मिलिमीटर, प्रत्येक जाडीचं पेन वेगळं आणि तिचं कामही ठरलेलं. बाह्यरेषा जाड, मापांच्या रेषा बारीक. पेन उभं धरायचं, वेग बदलू द्यायचा नाही. रेघेवरून ती कुणी ओढली हे कळता कामा नये. एका नकाशावर तिघांचे हात फिरले तरी जोड दिसायचा नाही, आणि याचा आम्हाला अभिमान होता. मला तो अजूनही आहे.

निवृत्तीनंतर पुण्यात एका शाईच्या कार्यशाळेला गेलो. टेबलावर नळाचे आणि बांबूचे बोरू, खराट्याचे हीर, सुतळी, झिजलेले टूथब्रश मांडलेले होते. शाई तेवढी ओळखीची, काळी वॉटरप्रूफ ड्रॉइंग शाई. "आज झाड, घर, माणूस काही काढायचं नाही," सर म्हणाले, "नुसत्या खुणा करायच्या."

बोरू बुडवला आणि ओढला. सुरुवातीला गच्च काळी असलेली रेघ हळूहळू खरखरीत झाली, मग फाटली, मध्ये कागद दिसू लागला. ऑफिसात असं झालं की पेन उघडून धुवायला घ्यायचो. सरांनी नेमकं त्या फाटलेल्या जागेवर बोट ठेवलं. "काका, इथं हात जोरात गेलाय. बघा."

मी वाकून पाहिलं. हातकागदाला खडबडीत पोत असतो. हात वेगानं गेला की शाई फक्त उंचवट्यांना शिवून पुढं जाते; सावकाश गेला की खळग्यांत उतरते; थांबला की तिथं थेंब साचतो. हात कुठं बिचकला, कुठं सुटला, शाई कधी संपली, हे सगळं त्या रेघेत क्रमानं नोंदलेलं होतं. पाहणाऱ्याला तोच प्रवास डोळ्यांनी पुन्हा करता येतो. आयुष्यभर जी रेघ मी सारखी ठेवली, तिच्यात एवढं मावतं हे पाहून मला खरोखर भरून आलं.

मग ऐकायचा सराव झाला. शेजारची शाळा सुटत होती. घंटा, पायऱ्यांवरून धावणारे पाय, सायकली, कुणाला तरी मारलेली हाक. मुलं काढायची नाहीत, तो गलका काढायचा. मी मनगटातून काम करत होतो. सरांनी उभं राहायला लावलं, कारण मनगटाची झेप चार बोटांची आणि खांद्याची अख्ख्या कागदाची. शेजारच्या मुलीनं टूथब्रशनं शिंतोडे उडवले. मी हिराचे टोले दिले, आधी विरळ, मग एकावर एक.

ओल्या कागदावर त्या मुलीची फाउंटन पेनची काळी शाई निळी-जांभळी होत पसरली. माझी शाई पसरली ती काळीच, आणि वाळल्यावर पाण्यानं हललीही नाही. तिला कारण सांगताना मजा आली: तिच्या शाईत पाण्यात विरघळणारे रंग, माझ्या शाईत काजळी आणि लाख. नकाशाला घामेजले हात आणि साइटवरचा पाऊस सोसावा लागायचा.

दुपारी सरांनी चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या कागदावरच्या शाईकामांची छापील चित्रं दाखवली. 1984 च्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास हाताळणं अवघड झालं, तेव्हा त्यांनी लहान कागदांवर काळ्या शाईनं काम केलं. मला ते आकार एखाद्या लिपीसारखे वाटले. अक्षर एकही लागत नव्हतं, पण हात थांबलेला कळत होता.

सरांचं एक म्हणणं मात्र मला पटलं नाही. हाताला शिकवलेलं सगळं विसरा, असं ते म्हणाले. का विसरायचं? शाई कधी वाळेल, कागद किती पिईल, हे माझ्या हाताला माहीत होतं, म्हणूनच मी बिनधास्त ओढू शकलो. जपायला शिकलेल्या हातालाच कुठं सोडायचं तेही कळतं.

शेवटी मोठा कागद मिळाला. मला विसर्ग आठवला. ज्या दरवाजांचे छेद मी वर्षानुवर्षं काढले, ते उचलल्यावर सुटणारं पाणी मी धरणावर उभं राहून ऐकलेलं आहे. ते आधी पायाखालच्या काँक्रीटमध्ये जाणवतं, मग कानात येतं. सुतळीचा बोळा शाईत भिजवून मी वरून दाबून खाली ओढला. दरवाजाशी दाट काळं, खाली आपटल्यावर फुटलेलं, पुढं हिराच्या तुटक रेघा. कागद संपला तेव्हा पाण्याचा जोर अजून ओसरला नव्हता. त्या मुलीनं तिचा एक कागद चिकटपट्टीनं खाली जोडून दिला, आणि मी नदीपात्रापर्यंत गेलो.