जान्हवीचा बसस्टॉप

शनायाला शिव्या घालण्यात मी कधी सामील झाले नाही. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही मालिका ऐन भरात असताना आमच्या लोकलच्या डब्यात हा जवळजवळ गुन्हाच होता. अंधेरी येईपर्यंत शनायाची यथेच्छ पूजा बांधली जायची आणि मी म्हणायचे, “अहो, पण राधिकेला वचन कुणी दिलं होतं? शनायाने की नवऱ्याने, गुरुनाथने?” त्यावर महापालिकेतल्या काकू माझ्याकडे अशा बघायच्या की जणू मीच त्यांच्या मिस्टरांच्या ऑफिसात नवीन लागलेय. गंमत म्हणजे शनाया रंगवणारी नटी दोनदा बदलली. आधी रसिका सुनील, मग ईशा केसकर, मग पुन्हा रसिका. बायकांचा राग एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर तसाच्या तसा गेला, मध्ये एक दिवस खाडा नाही. अभिजीत खांडकेकरचा गुरुनाथ मात्र तोच राहिला आणि त्याला ‘मेला बावळट आहे’ एवढ्यावर सोडून देण्यात आलं.

मी राहते बोरिवलीला, ऑफिस फोर्टात, काम हिशेबाचं. संध्याकाळी चर्चगेटहून लेडीज स्पेशल पकडते. पश्चिम रेल्वेने ही गाडी मे १९९२ मध्ये चर्चगेट ते बोरिवली अशी सुरू केली. नुसत्या बायकांसाठी अख्खी लोकल ही तेव्हा अपूर्वाईची गोष्ट होती. आमचा ग्रुप तिच्यातलाच. महापालिकेतल्या काकू, विमावाल्या ताई, एका शाळेतल्या बाई, एक नर्स आणि अधूनमधून बदलणाऱ्या दोघीतिघी. संक्रांतीनंतर डब्यातच हळदीकुंकू होतं, मटारच्या दिवसांत मांडीवर वर्तमानपत्र पसरून मटार सोलले जातात, आणि बाकी वर्षभर मालिका. पूर्वी कुणाचा भाग चुकला तर दुसऱ्या दिवशी बाकीच्या तो सांगायच्या, आणि आमच्या काकूंनी सांगितलेला भाग मूळ भागापेक्षा हमखास बरा असायचा. आता सगळं मोबाईलवर दिसतं. तरी वाद घालायला माणसं लागतातच.

माझं एक मत आहे आणि ते डब्यात कुणालाच पटत नाही. मराठी मालिकेतल्या बाईला घराबाहेर पडून काही करायचं असेल तर आधी नवऱ्याने दगा द्यावा लागतो. त्याशिवाय तिला कामच मिळत नाही.

हे पूर्वी असं नव्हतं. १९९९ साली अल्फा मराठीवर ‘आभाळमाया’ आली तेव्हा मी नोकरीत नवी होते. सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी कॉलेजात शिकवायची. मनोज जोशींचा शरद दुसरीकडे गुंतला म्हणून ती शिकवायला लागली नव्हती, आधीपासूनच शिकवत होती. खांद्याला पर्स, हातात पुस्तकं, चेहऱ्यावर घरचा ताण, आणि तरी वेळेवर बाहेर पडणं. संसार तिचाही मोडत होता, पण तो मोडत असताना तिला तास घ्यायचे होते. त्यामुळे ती रडायची तेही आटोपशीर. मला ती बाई ओळखीची वाटायची, कारण डब्यात अशा कितीतरी जणी होत्या. घरी काय चाललंय ते चर्नी रोडला सांगायच्या, दादरला डोळे पुसायच्या आणि गोरेगाव आलं की डब्याच्या दाराकडे सरकायच्या.

आता राधिका घ्या. अनिता दातेची राधिका सुभेदार मला आवडायची. नागपूरकडची बोली, ठसका, स्वयंपाकघरातला तो आत्मविश्वास. पण तिच्या मसाल्यांना चव आहे हे लेखकाला कधी कळलं? गुरुनाथचं प्रकरण बाहेर आल्यावर. मग एकदम तीनशे कोटींची कंपनी. डब्यात सगळ्या खूश होत्या. मी हिशेबातली, मला त्या तीनशे कोटींची रात्री झोप लागेना. कच्चा माल कुठून घेते, उधारी किती दिवसांची, मिरची कुणाकडे दळते, काहीच नाही. मेहनत दाखवायला वेळ नाही, नवऱ्याची जिरवायला वर्षानुवर्षं आहेत. ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेली मालिका २०२१ पर्यंत चालली म्हणजे जिरवायला काय कमी वेळ मिळाला?

तीच गत ‘आई कुठे काय करते’ची. डिसेंबर २०१९ मध्ये स्टार प्रवाहवर ती सुरू झाली. मूळ बंगाली ‘श्रीमयी’, पुढे हिंदीत तीच गोष्ट ‘अनुपमा’ म्हणून आली. मधुराणी प्रभुलकरची अरुंधती गाते छान, पण गाणं तिला सापडतं ते नवऱ्याचं, अनिरुद्धचं, आणि संजनाचं कळल्यावरच. त्याआधी पंचवीस वर्षं ती ‘समृद्धी’त डबे भरत होती तेव्हा तिचा गळा काय बसला होता? घटस्फोट घेऊन ती घर सोडते ते सगळं मी उभ्याने पाहिलंय, म्हणजे खरोखरच उभ्याने, विरार गाडीत कुणाच्या तरी मोबाईलवर डोकावून. त्या दिवशी लेडीज स्पेशल चुकली होती. शेजारच्या अनोळखी बाईने एक इअरफोन काढून माझ्या हातात दिला. बोरिवली आल्यावर तो परत करताना ती एवढंच म्हणाली, “आता परत नको जायला हिने.”

पण ती परत गेलीच. आशुतोष केळकरांशी लग्न झाल्यावरही आधीच्या सासरी, देशमुखांकडे, जरा खुट्ट झालं की अरुंधती हजर. माझी आई, वय ऐंशीच्या पुढे, संध्याकाळी सातपासून टीव्हीसमोर, यावर फार चिडायची. “त्या आशुतोषने हिच्याशी लग्न केलंय की त्या सबंध घराशी?” मला वाटतं, ओंकार गोवर्धनचा आशुतोष हा अलीकडच्या मालिकांतला सगळ्यात अन्याय झालेला पुरुष. सभ्य, कमी बोलणारा, बायकोचं ऐकून घेणारा. अशा माणसाबरोबर रोज काय दाखवायचं हे कुणाला सुचलं नाही, म्हणून शेवटी त्याला अपघातात मारून टाकलं. सुखी जोडपं हे आपल्या मालिकांमध्ये अडगळीचं सामान आहे.

‘होणार सून मी ह्या घरची’ आठवते? जुलै २०१३, तेजश्री प्रधान आणि शशांक केतकर. जान्हवी बँकेत नोकरी करणारी, श्री हा गोखले गृहउद्योगाचा मालक, आणि दोघांची ओळख बसस्टॉपवर. माझ्या लेखी या मालिकेतलं सगळ्यात चांगलं पात्र तो बसस्टॉपच होता. ती कामाला निघालेली, हा नुसता तिला बघायला आलेला, बस आली की संवाद अर्धवट. त्या अर्धवटपणात केवढी गोडी होती! नोकरी करणाऱ्या मुलीचं प्रेम असंच जमतं, दोन वेळापत्रकांच्या फटीत. मग लग्न झालं, जान्हवी सहा सासवांच्या घरात आली आणि बसस्टॉप संपला. बँक हळूहळू दिसेनाशी झाली. पुढे तिची स्मृती गेली, मग गरोदरपण इतकं लांबलं की त्यावर महाराष्ट्रभर विनोद झाले. डब्यातल्या नर्सने तर हात टेकले होते. माझं म्हणणं एवढंच की जान्हवी रोज सकाळी बँकेत जात राहिली असती, तर निम्मे गैरसमज झालेच नसते. कान लावून उभं राहायला, अर्धंच ऐकून रडायला आणि कुणाला काही न सांगता मनात ठेवायला माणसाला आधी दिवसभर मोकळा वेळ लागतो.

एक मालिका मात्र थेट ऑफिसात शिरली होती, ‘का रे दुरावा’. सुयश टिळकचा जय, सुरुची अडारकरची आदिती. दोघंही नोकरी करणारी, एकाच ऑफिसात. वा! म्हटलं, आता आपली गोष्ट. तर तिथे काय, नोकरी टिकवायची म्हणून दोघांनी लग्न झालंय हेच लपवायचं! म्हणजे घर असेल तर ऑफिस नाही आणि ऑफिस असेल तर लग्न नाही. तरी ही मालिका मी एकही भाग न चुकवता पाहिली, कारण नवराबायको सहकाऱ्यांसारखं बोलताना दुसरीकडे कुठे दिसणार होते?

नात्यांबद्दलचा माझा सगळ्यात मोठा राग ‘तुला पाहते रे’वर आहे. २०१८ साली सुबोध भावेंचा विक्रांत सरंजामे आला आणि डबा दुभंगला. चाळिशी ओलांडलेला उद्योगपती आणि विशीतली ईशा निमकर. विमावाल्या ताई कट्टर विरोधात, कारण त्यांची मुलगी ईशाच्याच वयाची. शाळेतल्या बाई म्हणायच्या, मुलगी सज्ञान आहे, तिचं तिला कळतं. वयातलं, पैशातलं, मालक आणि नोकर यांच्यातलं एवढं अंतर प्रेम पेलू शकतं का, हा खरा प्रश्न होता आणि आम्ही त्यावर महिनोन्महिने भांडलो. मग लेखकाने काय केलं, तर विक्रांतला खलनायक करून टाकला. तो म्हणे मुळात गजा पाटील, पहिल्या बायकोच्या, राजनंदिनीच्या मृत्यूला कारण झालेला, आणि ईशा म्हणजे तिचाच पुनर्जन्म. झालं! प्रश्न सुटला नाही, पळाला. वीस वर्षांनी मोठा नवरा चालेल का याचं उत्तर ‘तो खुनी असेल तर नको’ असं थोडंच असतं?

त्या मानाने ‘अग्गंबाई सासूबाई’ने प्रश्न सोडला नाही. निवेदिता सराफांची आसावरी आणि गिरीश ओकांचे अभिजीत राजे. उतारवयातलं लग्न, तेही सुनेने पुढाकार घेऊन लावलेलं. आसावरीचा मुलगा बबड्या तर असा घराघरांत पोचला की आमच्या इमारतीत दोन मुलांना ते नाव कायमचं चिकटलं. डब्यात त्या वेळी एक बाई यायच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. सगळ्या त्यांच्याकडे बघायच्या, पण विचारायला धजायचं नाही कुणी. एक दिवस त्याच आपणहून म्हणाल्या, “राजे फार चांगले आहेत हो. पण घराच्या कागदावर कुणाचं नाव, ते एकदाही दाखवलं नाही.” मग मटार सोलायला लागल्या. मला वाटतं, एवढं नेमकं परीक्षण कुठल्याही वर्तमानपत्रात आलं नसेल.

करारावरच्या लग्नाचंही तेच. २०१२ साली ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’मध्ये मुक्ता बर्वेची राधा आणि स्वप्नील जोशीचा घना समोरासमोर बसून अटी ठरवायचे. दोघंही तोडीस तोड, दोघांनाही नाही म्हणायची मुभा. दहा वर्षांनी ‘ठरलं तर मग’ आली. इथेही करारच, पण जुई गडकरीची सायली सही करते ती तिला वाढवणाऱ्या मधुभाऊंना तुरुंगातून सोडवण्यासाठी. तिला स्वतःला काय हवंय ते त्या कागदावर कुठे आहे? मला सायली आवडते, आई तर तिच्यासाठी औषधाची वेळ पुढे ढकलते. पण राधा स्वतःसाठी घासाघीस करत होती आणि सायली दुसऱ्यासाठी त्याग करते, हा दहा वर्षांतला प्रवास मला पुढे गेल्यासारखा वाटत नाही.

यावर शाळेतल्या बाईंचं म्हणणं वेगळं आहे आणि ते मला उडवून लावता येत नाही. त्या म्हणतात, “तू दिवसभर ऑफिस बघतेस म्हणून तुला ऑफिस हवंय. जी घरात आहे तिला राधिकाच हवी. आपणही काही करू शकतो असं तिला वाटायला नको?” वाटावं की. पण आमच्याच मजल्यावर एक जण थालीपीठाची भाजणी आणि मेतकूट करून विकते. नवऱ्याने तिला फसवलेलं नाही. तोच सुटीच्या दिवशी स्कूटरवरून पाकिटं पोचवतो, वाटेत सुट्या पैशांवरून दुकानदारांशी भांडतो आणि घरी आला की ती पुन्हा त्याच्याशी भांडते.

हे मी डब्यात सांगितलं. म्हटलं, काढा हिच्यावर मालिका.

“मग खलनायक कोण?” काकूंनी लगेच विचारलं.

“सासू?” विमावाल्या ताई.

म्हटलं, सासू गहू भाजून देते.

“जाऊ?”

जाऊ पुण्याला असते.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मालाड गेलं. मग मला आठवलं, एक दुकानदार आहे, भाजणी घेतो आणि पैसे थकवतो. गेलं की म्हणतो, शेठ गावाला गेलेत. हे ऐकताच सगळ्या सरसावून बसल्या. आता त्याला माल द्यायचा की थांबवायचा, नवऱ्याला पाठवायचं की हिने एकटीने जायचं, पाकिटावर तारीख टाकते का, पावती पुस्तक ठेवलंय का. शाळेतल्या बाई म्हणाल्या, गोड बोलून काढावेत. काकू म्हणाल्या, गिऱ्हाइकांसमोर उभं राहून मोठ्याने मागावेत. कांदिवली येऊन गेली तरी कुणी पर्स आवरली नव्हती.

“महिन्याच्या सुरुवातीला जायचं,” नर्स उठता उठता म्हणाली, “पगार झालेले असतात, गल्ल्यात रोकड असते. आणि संध्याकाळी जा म्हणावं, सकाळी भवानीच्या वेळेला कुणी पैसे सोडत नाही.”