आडतीवरची धूळ

धामणगाव बढे येथील एका व्यापारी घरातील काकाजींनी पन्नास वर्षे आडतीची गादी सांभाळली. दिवाळी सरली की दारापुढे कापसाच्या गाड्या लागत, त्याआधी सोयाबीन आणि मका. काट्याजवळ बसून माल पारखायचा, मूठभर हातात घेऊन फुंकर मारायची, आणि जी धूळ उडे ती निमूटपणे श्वासात घ्यायची, असा तो दिनक्रम होता. पुढे जिना चढताना धाप लागू लागली, पहाटे छातीतून शीळ ऐकू येऊ लागली. घरच्यांनी विचारले तर "वयाचे आहे" एवढेच उत्तर मिळे. व्यापारी घरांत हे उत्तर फार सोयीचे असते. त्याने दुकान बंद ठेवावे लागत नाही.

वस्तुतः नाक हे निसर्गाने बसविलेली चाळणीच आहे. जाड कण तेथेच अडतात. परंतु काही मायक्रॉन जाडीचे सूक्ष्म कण श्वासनलिकांच्या शाखांतून थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. हे कोश तीस कोटींच्या घरात असून रक्ताशी प्राणवायूची देवघेव तेथेच होते. दम्यात या नलिकांचे स्नायू आवळतात, आतील अस्तर सुजते, कफ दाटतो. मग हवा आत येते, परंतु बाहेर पडताना अडते. म्हणून शीळ बहुधा उच्छ्वासाची.

कापसाची धूळ त्याहून निराळा डाव खेळते. साप्ताहिक सुटीनंतर कामावर आलेल्या गिरणी कामगाराची छाती पहिल्याच दिवशी आवळते आणि आठवडा सरता सरता त्रास ओसरतो. आरंभी हा विकार धुळीपासून दूर राहिल्यास सावरतो. वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले तर मात्र कायमचा होतो. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत कापूस, ताग व तत्सम धुळीपासून होणाऱ्या फुप्फुसविकारांचा समावेश होता. धान्य चाळणाऱ्या व मापणाऱ्यांच्या छातीची दखल तर इटलीच्या बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांनी १७०० सालच्या आपल्या ग्रंथातच घेतली होती. गादीवर बसणाऱ्यापेक्षा पोती उचलणारा हमाल अधिक खोल श्वास घेतो, म्हणजे धूळही अधिक घेतो. हे गणित वहीत कोणी मांडत नाही.

धुळीवर पाणी शिंपडावे, असे कोणी सुचवले की काकाजी हसत. ओला कापूस म्हणजे खोटे वजन! ती वाट या पेढीत कधीच बंद झाली होती. उरते ते एवढेच : चाळणी उघड्यावर, वाऱ्याची दिशा पाहून लावणे, कोठारात हवा बाहेर टाकणारा पंखा बसविणे, आणि हमालांना साध्या फडक्याऐवजी बारीक कण अडविणारे मास्क देणे.

काकाजींचा खरा हट्ट पंपाविषयी होता. "एकदा लागला की सुटत नाही," हे वाक्य त्यांनी कोठून तरी उचलले होते, आणि गोळी मात्र ते निर्धास्त घेत. त्यांना पटले ते हिशेबाने. साल्ब्युटामॉलची चार मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे चार हजार मायक्रोग्रॅम, पंपाचा एक फवारा शंभर. गोळीचे औषध सगळ्या अंगभर फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते; फवारा थेट श्वासनलिकेत जातो. चाळीसपट माल मागवून त्यातला थोडाच कामी येत असेल तर तो सौदा कोण करील? शिवाय तत्काळ आराम देणारा पंप वेगळा, सूज आवरणारा रोजचा पंप वेगळा, आणि दुसरा घेतल्यावर चूळ भरणे आवश्यक, हेही त्यांनी दोनदा विचारून घेतले.

फुप्फुसांच्या चाचणीत पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते मोजतात. त्यांनी नळीत जोर लावून फुंकले, कागदावरील वक्ररेषा पाहिली आणि डॉक्टरांना म्हणाले, "आता आमच्या मापाड्याचीही करा. तो माझ्याआधीपासून आडतीवर आहे."