अठ्ठ्याण्णवची शंभर झाली!

मुलांनो, १९६९ साली जपानच्या निसान कंपनीने एक देखणी, लांब नाकाची, वेगवान कार काढली. जपानमध्ये तिला ‘फेअरलेडी झेड’ म्हणत. अमेरिकेत ती ‘डॅटसन २४० झेड’ या नावाने विकली गेली. आज त्या गाडीने पन्नाशी ओलांडली आहे, तरी देशोदेशीचे हौशी लोक सुट्टीच्या दिवशी ती घरीच खोलून बसतात. कुणी तिला पहिल्यासारखी करतो, कुणी तिच्यात मनासारखे बदल करतो.

अशी कार आमच्या मानवत तालुक्यातल्या गावात कुणी पाहिलेली नाही. पण जपानी वळणाची एक चपळ गाडी आमच्या ओसरीला होती. फक्त तिला चाकं दोन होती! ती म्हणजे यामाहा आरएक्स १००.

१९८० नंतरच्या काळात जपानी कंपन्यांनी भारतीय कंपन्यांशी हातमिळवणी केली. होंडा हिरोबरोबर आली, सुझुकी टीव्हीएसबरोबर, कावासाकी बजाजबरोबर आणि यामाहा एस्कॉर्ट्सबरोबर. १९८५ च्या अखेरीस आरएक्स १०० रस्त्यावर आली आणि १९९६ साली तिचं उत्पादन थांबलं. वजन जेमतेम १०० किलोच्या आसपास आणि ताकद ११ अश्वशक्ती. त्या काळात ती चालवणाऱ्याची ऐट काही औरच असायची!

आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती १९९३ साली घेतली. नंबर एमएच २२. तेव्हा हिंगोलीसुद्धा परभणी जिल्ह्यातच होतं. ते वेगळं झालं १९९९ साली. मानवतच्या बाजारात कापसाचा भाव बघायला जाणं असो की पाथरीहून बियाणं आणणं असो, अण्णा आणि आरएक्स अशी जोडीच होती. पुढे अण्णांचे गुडघे धरले आणि गाडी भिंतीला लागली. चार वर्षांत सीटमध्ये उंदरांनी घर केलं.

त्यात कागदाचा प्रश्न आला. मोटारसायकलची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते. पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. ती मुदत संपत आली होती. पुण्याहून एक गिऱ्हाईक आलं, चांगले पैसे देतो म्हणालं. अण्णा म्हणाले, “चालू होत असंल तर ठेवा. नसंल तर देऊन टाका. पडून सडण्यापरीस बरं.”

माझा पुतण्या नववीत आहे. तो लगेच म्हणाला, “काका, विकायची नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण दोघं घरीच करू. आणि मॉडिफायच करू!” मी मास्तर माणूस, पण हातात पाना धरायची मला लहानपणापासून हौस. मी हो म्हटलं. सुट्टी संपेपर्यंत गाडी सुरू झाली नाही, तर ती पुण्याला जाणार, असं ठरलं.

अंगणात पोतं अंथरलं. जो भाग काढू त्याचा आधी फोटो घ्यायचा, त्याचे नट-बोल्ट बिस्किटाच्या वेगळ्या पुड्यात घालायचे आणि वर चिठ्ठी लावायची. पेट्रोलची टाकी आधी रिकामी करून लांब नेऊन ठेवली. पेट्रोलजवळ काडी, दिवा, काही म्हणता काही नको.

इंजिनाचं हेड काढलं, सिलिंडर वर उचलला आणि पिस्टन दिसला. त्याच्या अंगावर उभे ओरखडे! हे कशानं झालं, ते सांगतो.

आरएक्सचं इंजिन टू-स्ट्रोक. पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली गेला, की काम पूर्ण. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो, इथे प्रत्येक फेरीत एकदा. आरएक्सची पूर्ण ताकद मिनिटाला ७,५०० फेऱ्यांना मिळते. भागा ६० ने. सेकंदाला १२५ स्फोट! एवढ्या धावपळीत पिस्टनला सतत तेल मिळालं पाहिजे. जुन्या स्कूटरमध्ये ते पेट्रोलमध्येच मिसळून घालत. यामाहाने मात्र तेलाची वेगळी टाकी आणि छोटा पंप दिला होता. मूठ जितकी पिळाल, तितकं जास्त तेल पंप आपोआप सोडतो.

आमच्या गाडीचा तो पंप पूर्वी कुण्या कारागिराने बंद करून टाकला होता. “कशाला ती कटकट, अंदाजाने तेल मिसळा,” असं त्याने अण्णांना सांगितलेलं. अंदाज कधी चुकला, तेल कमी पडलं आणि पिस्टनवर ओरखडे उठले. पुतण्या ते ओरखडे बोटाने चाचपून बघत होता. मी म्हटलं, “हाही एक मॉडिफायच होता बरं का!” तो काही बोलला नाही.

सिलिंडर परभणीला नेऊन लेथवर बोअर करून आणला. म्हणजे झिजलेली भिंत किंचित कोरून गुळगुळीत करायची आणि तितकाच मोठा नवा पिस्टन बसवायचा. असे पिस्टन पाव पाव मिलिमीटरने वाढत्या मापात मिळतात. आम्हाला अर्धा मिलिमीटर मोठा लागला. तेलाचा पंप साफ करून पुन्हा जोडला. कार्बोरेटरची बारीक छिद्रं मोकळी केली, ब्रेकचे लायनर बदलले.

मग आला सायलेन्सर, आणि आमचं भांडण! सायलेन्सरच्या शेपटाकडे छिद्रांची एक नळी असते. पोरं तिला जाळी म्हणतात. एक बोल्ट काढला की ती बाहेर येते. पुतण्या म्हणाला, “काका, जाळी फेकून देऊ. आवाज कसला घुमतो बघा! गाडी पळती पण जोरात.”

मी त्याला एक गोष्ट सांगितली. तुम्हीही ऐका. टू-स्ट्रोक इंजिनात धूर जायला सिलिंडरच्या भिंतीत खिडकी असते. तिच्यातून धुराबरोबर थोडं ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रणही निसटतं. पूर्व जर्मनीत एमझेड नावाच्या कारखान्यात वॉल्टर काडेन हे अभियंते होते. १९५० च्या दशकात त्यांनी धुराच्या नळीचा आकारच अभ्यासून बदलला. आधी रुंद होत जाणारी, मग निमुळती. विहिरीत ओरडलं की आवाज परत येतो ना? तसंच, धुराच्या दाबाची लाट निमुळत्या भागावर आपटून माघारी फिरते आणि निसटणारं मिश्रण पुन्हा आत ढकलते. इंजिन तेच, पण ताकद कितीतरी वाढली.

त्यांचा एक स्वार होता, अर्न्स्ट डेगनर. १९६१ साली बर्लिनची भिंत उभी राहिली. त्यानंतर काही आठवड्यांतच स्वीडनमधल्या शर्यतीला गेलेला डेगनर माघारी परतलाच नाही. तो सुझुकीला जाऊन मिळाला आणि ही विद्या जपानला पोचली. १९६२ साली सुझुकीच्या ५० सीसी गाडीवर तो जगज्जेता झाला!

आमच्या आरएक्सचा सायलेन्सर शर्यतीच्या गाडीइतका फुगीर नाही, पण त्यामागची विद्या तीच. पुतण्या म्हणाला, “हे झालं पुस्तकातलं. आपण मोजून बघू.”

मला फार बरं वाटलं. इंजिन जुळवून झालं. किक मारली. पहिल्या चार-पाच किक वाया गेल्या. अण्णा बाजेवरून म्हणाले, “काय रे मास्तर, सुरू व्हायलीय का नुसतीच पुसून ठेवायलास?” सहाव्या किकला ती बोलली! अण्णा काठी न घेताच उठून उभे राहिले.

काही दिवस हळूहळू चालवून नवा पिस्टन रुळू दिला. मग एका सकाळी शेतातल्या आमच्या वाटेवर, कालव्याच्या चढाला, मी गाडी चालवली आणि पुतण्याने घड्याळ धरलं. तीनदा जाळी लावून, तीनदा जाळी काढून. आवाज एवढा वाढला की शेजारच्या आखाड्यावरची म्हैस दावं तोडायला निघाली. पण वेळ एकदाही कमी झाली नाही. उलट एकदा थोडी वाढलीच. पुतण्याने वहीत सहाही आकडे लिहिले, बराच वेळ बघितले आणि स्वतःच्या हाताने जाळी परत बसवली. शिवाय कंपनीने दिलेल्या रचनेत असा मनमानी बदल करायला मोटार वाहन कायद्यातही मनाई आहे.

बदल आम्ही केलेच नाहीत असं नाही. दुसऱ्या बाजूलाही आरसा लावला आणि कमी धूर करणारं तेल वापरायला लागलो. तरीही टू-स्ट्रोक गाडी धूर सोडतेच, हे खोटं कशाला सांगू? म्हणून शाळेत मी दुसऱ्या गाडीने जातो. आरएक्स महिन्यातून एखाद-दोन वेळा निघते, तीही अण्णांना मागे बसवून. तपासणीत ती पास झाली, पर्यावरण कर भरला आणि ५ वर्षांची मुदत मिळाली. पुण्याच्या गिऱ्हाइकाला अण्णांनी स्वतः फोन करून नाही सांगितलं.

आता एक गणित. या इंजिनाचा व्यास ५ सेंटिमीटर, पिस्टनची धावही ५ सेंटिमीटर. २२/७ × २.५ × २.५ × ५ करून बघा. उत्तर येतं ९८ च्या थोडं वर. म्हणजे नाव १००, पण इंजिन ९८ सीसीचं! आता व्यास अर्ध्या मिलिमीटरने वाढला आहे. पुतण्याने नवं उत्तर काढलं आणि ओरडतच ओसरीवर गेला, “आजोबा, तुमची गाडी आत्ता कुठं खरी शंभर झाली!”

त्याचं उत्तर बरोबर आहे का, ते तुम्ही वहीत करून बघा.